किडनीच्या धमनीचा फुगा फुटतो तेव्हा : किनाऱ्यावरच्या दवाखान्यापासून घाटावरच्या कॅथलॅबपर्यंत

जून महिना होता. मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचा एक चाळिशीतला खलाशी पडवीत जाळं विणत बसला होता. अचानक डाव्या कुशीत कळ आली. जवळच्या दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन मिळालं, दोन तासांनी दुसरं मिळालं. तिसऱ्या ठिकाणी मुतखड्यासाठी करतात तसा साधा सीटी झाला. रात्री लघवीला उठला आणि न्हाणीच्या दारात कोसळला. घाट चढून आमच्याकडे पोचला तेव्हा कळ सुरू होऊन अकरा तास झाले होते. वरचा रक्तदाब ७०, हिमोग्लोबिन ५.८, अंग गार. बायको मागे मागे धावत एकच विचारत होती, "डॉक्टरानू, मुतखडोच मां ह्यो?"

मुतखडा नव्हता. डाव्या किडनीच्या धमनीवरचा फुगा फुटला होता.

तो वाचला. त्याच्या धमनीत कॉइल, म्हणजे धमनी बंद करणारी बारीक वेटोळ्याची तार, बसवायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. अकरा तास आणि पन्नास मिनिटं, हा हिशोब माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हा लेख. मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. धमनीच्या आत शिरून रक्तस्राव बंद करणं हे माझं रोजचं काम. त्यातलं तंत्र खाली सविस्तर सांगणार आहेच, पण या आजारात माणूस गमावला जातो तो बहुतेक वेळा कॅथलॅबच्या, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर पाहत धमनीत नळी घालतात त्या खोलीच्या, टेबलावर नाही, त्याच्या आधी. म्हणून सुरुवात कुशीतल्या कळेपासून करतो. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, परिचारिका, या शाखेत नव्याने आलेले सहकारी आणि पेशंटचे नातेवाईक, चौघांनाही आपापला भाग सापडेल. डोस आणि निर्णय मात्र शेवटी पेशंटसमोर उभ्या असलेल्या डॉक्टरांचेच.

फुगा म्हणजे नेमकं काय

हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा दर मिनिटाला दोन्ही किडन्यांतून जातो, म्हणजे एक लिटरच्या आसपास. एवढा प्रवाह झेलणाऱ्या धमनीची भिंत कुठे कमकुवत झाली की ती जागा फुगते. वैद्यकीय भाषेत ॲन्युरिझम. बहुतेक फुगे मुख्य धमनी जिथे फांद्यांत विभागते त्या दुभाजनावर असतात. हा आजार दुर्मीळ आहे. बहुतेकांना तो असल्याचं कळतही नाही, दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी किंवा सीटी केला की सापडतो.

खरा फुगा आणि खोटा फुगा हा फरक इथेच समजून घ्या, कारण पुढे उपचार त्यावर ठरतो. खऱ्या फुग्यात धमनीच्या भिंतीचेच थर ताणलेले असतात. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया (धमनीच्या भिंतीची घडणच बिघडवणारा आजार), धमनीकाठिण्य, एहलर्स-डॅनलॉससारखे जन्मजात ऊतींचे आजार ही त्याची कारणं. खोट्या फुग्यात, म्हणजे स्यूडोॲन्युरिझममध्ये, भिंत फाटलेली असते आणि रक्ताला आजूबाजूच्या ऊतींनी आणि गुठळीने कसंबसं आवरून धरलेलं असतं. पाठीतून दुर्बिणीने मुतखडा काढणं, किडनीची बायोप्सी, किडनीचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया, माडावरून पडणं, दुचाकीचा अपघात, यांनंतर तो होतो. दुर्बिणीने खडा काढल्यावर आठ-दहा दिवसांनी, घरी गेल्यानंतर, लघवीतून एकदम लाल रक्त यायला लागलं तर पहिला संशय याचाच घ्यायचा. आमच्याकडे येणाऱ्यांत खोटा फुगाच जास्त दिसतो.

मुतखडा की रक्तस्राव

उन्हात घाम गाळून काम करणारी, पाणी कमी पिणारी माणसं किनाऱ्यावर भरपूर, त्यामुळे मुतखडाही भरपूर. कुशीत कळ आली की शंभरात बहुतेक वेळा तो खडाच असतो. त्यामुळेच चूक होते. पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, समोर रोज दहा खडे येत असतील तर अकरावाही खडाच वाटतो. म्हणून काही खुणा मनात पक्क्या ठेवा.

खड्याचा पेशंट तळमळतो. कूस बदलतो, उठतो, बसतो, चालतो. रक्तस्रावाचा पेशंट हळूहळू शांत पडतो. ते शांत होणं म्हणजे आराम पडणं नव्हे. खड्याची कळ लाटेसारखी येते-जाते, फुटलेल्या धमनीची कळ एकदम येते आणि थांबत नाही. पापणीचा आतला भाग पांढुरका, तळवे गार, घाम, नाडी शंभराच्या वर, उभं राहिल्यावर चक्कर, कुशीत हाताला लागणारी भरीव सूज : यातलं काहीही दिसलं की 'खडा' हा शब्द बाजूला ठेवायचा. कुशीतली कळ, कुशीतली गाठ आणि रक्तदाब कोसळणं या त्रिकुटाला जुन्या पुस्तकांत लेंकचं त्रिकूट म्हणतात. तिन्ही एकत्र दिसायची वाट पाहू नका, तिन्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, तेव्हा नाडी ऐंशी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

लघवीत रक्त असेलच असं नाही. फुगा किडनीच्या बाहेरच्या बाजूला फुटला तर सगळं रक्त पोटामागच्या पोकळीत साचतं आणि लघवी स्वच्छ असते.

हिमोग्लोबिनही पहिल्या तासात फसवतं. रक्त गेलं तरी उरलेलं रक्त तितकंच दाट असतं, आकडा पडायला वेळ लागतो. पहिला रिपोर्ट ११ आला म्हणून पेशंट घरी पाठवू नका, तासाभराने पुन्हा करा.

आणि सोनोग्राफीची एक गोष्ट, जी मी प्रत्येक शिबिरात सांगतो. अपघात विभागात पोटात रक्त आहे का हे पाहायला जी झटपट सोनोग्राफी करतात, ती पोटाच्या पडद्याच्या आतलं रक्त शोधते. किडनी त्या पडद्याच्या मागे असते. तिथे दीड लिटर रक्त साचलं तरी ही तपासणी 'पोटात पाणी नाही' असं सांगू शकते. प्रोब मुद्दाम कुशीवर ठेवा, किडनीभोवती काळा-करडा थर दिसतो का पाहा, कलर डॉप्लर लावा. खोट्या फुग्यात एका अर्ध्यात लाल, दुसऱ्या अर्ध्यात निळा असा भोवरा फिरताना दिसतो. एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

पहिला तास : लहान रुग्णालयात काय करायचं

कोपराजवळ दोन मोठ्या सुया लावा, १६ किंवा १८ नंबरच्या. मनगटावरची बारीक निळी सुई पुढे सीटीलाही उपयोगी पडत नाही. त्याच सुईतून रक्तगट आणि क्रॉसमॅच, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं आहे ते) यांचे नमुने घ्या. बाई गर्भधारणेच्या वयाची असेल तर लघवीची गरोदरपणाची चाचणी आत्ताच करा.

सलाइन धो धो सोडू नका. हे पटायला जड जातं, कारण बीपी ७० दिसलं की हात आपोआप सलाइनच्या चाकाकडे जातो. पण किडनीभोवती एक घट्ट आवरण असतं, त्यात साचलेलं रक्तच फुटलेल्या जागेवर दाब देऊन ती काही काळ बंद ठेवतं. बीपी झटकन १३० वर नेलं तर ती गुठळी उडते. शिवाय नुसत्या सलाइनने रक्त पातळ होतं, गार होतं, गोठेनासं होतं. माणूस शुद्धीत असेल, बोलत असेल, तर वरचा रक्तदाब ८० ते ९० पुरे. २५० मिलिलिटरचे छोटे हप्ते द्या, प्रत्येक हप्त्यानंतर पाहा. गरोदर बाई आणि डोक्याला मार लागलेला पेशंट यांना हा नियम लावू नका, त्यांचा दाब जास्त राखावा लागतो.

रक्त मिळत असेल तर रक्तच द्या. मोठा रक्तस्राव असेल तर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट जमेल तितक्या सारख्या प्रमाणात. काही पिशव्या झाल्या की कॅल्शियम द्यायला विसरू नका, पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे झालेली गुठळी टिकवून धरणारं औषध, १ ग्रॅम, दहा मिनिटांत. अपघाती रक्तस्रावात पहिल्या ३ तासांत त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे, त्याच धर्तीवर इथेही बहुतेक जण देतात. लघवीतून भरपूर रक्त जात असेल तर जरा विचार करून द्या, मूत्रनलिकेत गुठळ्या अडकू शकतात.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक नको. प्लेटलेटचं काम बिघडतं आणि आधीच तहानलेल्या किडनीवर घाव पडतो. शिरेतून पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल किंवा अगदी थोडं फेंटॅनिल चालेल. लघवीत गुठळ्या असतील तर तीन तोंडांची नळी घालून मूत्राशय धुवत ठेवा. अंगावर घोंगडी घाला. गार पडलेलं रक्त गोठत नाही.

हे सगळं चालू असतानाच फोन करा. आधी उपचार आणि मग फोन असा क्रम लावला तर अर्धा तास हातचा जातो.

घाट उतरायचा की चढायचा

आमच्याकडच्या डॉक्टरांना पडणारा खरा प्रश्न हाच. सावंतवाडी-कुडाळकडून माणसं सवयीने गोव्याकडे, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात. कणकवली-वैभववाडीकडून फोंडा किंवा करूळ घाटाने कोल्हापूर. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरच, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड, आणि त्याच्या उत्तरेला महामार्गाने मुंबई. कोणता रस्ता, हे अंतराने ठरवू नका. तीन प्रश्नांनी ठरवा, आणि ते गाडी हलण्याआधी फोनवर विचारा.

आज, आत्ता, कॅथलॅब चालू आहे का आणि एम्बोलायझेशन, म्हणजे आतून धमनी बंद करण्याचं काम, करणारा डॉक्टर हजर आहे का? हृदयाची अँजिओप्लास्टी होते म्हणजे हेही होतं, असं नाही. कॉइल, मायक्रोकॅथेटर (अगदी बारीक नळी) आणि कव्हर्ड स्टेंट (अस्तर लावलेली जाळीची नळी) कपाटात असावे लागतात.

रक्तपेढी आणि आयसीयूत जागा आहे का?

शस्त्रक्रियेने किडनी काढू शकणारा सर्जन आहे का?

तिन्हींना 'हो' आलं तर तीस किलोमीटर जास्त पडले तरी तिथेच न्या. मधे 'एकदा दाखवून घेऊ' म्हणून थांबू नका. पावसात घाट बंद आहे का हे पोलीस नियंत्रण कक्षाला विचारून घ्या. दरड कोसळल्याचं अर्ध्या घाटात कळणं परवडणारं नाही. १०८ ला फोन करताना पेशंट शॉकमध्ये आहे, ॲडव्हान्स लाइफ सपोर्टची गाडी हवी, हे स्पष्ट शब्दांत सांगा. गाडीत रक्ताची पिशवी, दुसरी पिशवी शीतपेटीत, आणि सोबत रक्त देऊ शकणारे दोन-तीन धडधाकट नातेवाईक दुसऱ्या गाडीतून. वाडीतले लोक अशा वेळी मागे हटत नाहीत, फक्त त्यांना वेळेवर सांगावं लागतं.

नातेवाईकांसाठी : रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरातून निघतानाच घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना फक्त योजनेतल्या रुग्णालयातच चालते. तिथे पोचल्यावर 'आरोग्यमित्र', म्हणजे योजनेचा मदतनीस, कुठे बसतो ते विचारा. एका माणसाने कागदांचं बघायचं, दुसऱ्याने पेशंटपाशी थांबायचं. आधीचा सीटी झाला असेल तर नुसती फिल्म नव्हे, सीडी मागून घ्या. निघतानाच संगणकावर सीटी सरकवत मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून पुढच्या डॉक्टरांना पाठवला, तर तुम्ही घाटात असताना आमची तयारी सुरू होते.

सीटी : कसा हवा

साध्या, डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता केलेल्या सीटीत किडनीभोवतीचं रक्त दिसतं, पण ते कुठून येतंय हे दिसत नाही. आमच्या खलाशाच्या बाबतीत तेच झालं होतं. अहवालात 'खडा नाही' एवढंच लिहिलं होतं, भोवतीच्या पांढुरक्या थराची नोंदच नव्हती. हवा असतो तो सीटी अँजिओ : धमनीची फेज, एक मिलिमीटरच्या आसपासचे पातळ काप, नंतर शिरांची फेज. पोटात प्यायचं औषध नको, ते चित्र झाकतं. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबू नका, जीव जात असताना डायची भीती दुय्यम.

आणि पेशंट इतका खालावलेला असेल की सीटीच्या टेबलावर टिकणार नाही, तर थेट कॅथलॅब किंवा थेट ऑपरेशन थिएटर.

सीटीत मी पाच गोष्टी शोधतो : फुगा मुख्य देठावर, दुभाजनावर की आतल्या बारीक फांदीवर, त्याची मान रुंद की अरुंद, खरा की खोटा, डाय बाहेर झिरपतोय का, आणि दुसरी किडनी कशी आहे. शेवटचा प्रश्न घाईत हमखास राहतो. दुसरी किडनी नसेल किंवा सुकलेली असेल, तर सगळा बेत बदलतो.

कॅथलॅबमध्ये, पायरीपायरीने

बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. जांघेत बधिर करतो. पेशंट अस्वस्थ असेल, श्वास रोखू शकत नसेल, तर भूलतज्ज्ञ त्याला झोपवतात. भूल देताना आधीच कोसळलेलं बीपी आणखी पडतं, म्हणून रक्त टांगलेलं असल्याशिवाय ते करत नाही. सर्जनला आधीच कळवलेलं असतं.

सोनोग्राफीखाली उजव्या जांघेतल्या धमनीत सुई, तिच्यातून वायर, वायरवरून नळी. स्वीडनच्या सेल्डिंगरने १९५३ मध्ये दाखवलेली हीच पद्धत आम्ही आजही वापरतो. ६ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) शीथ, म्हणजे आत-बाहेर करायला दार ठरणारी आखूड नळी, बसवतो. किडनीची धमनी खूप खाली वाकलेली असेल तर डाव्या मनगटातून जाणं सोपं पडतं.

मग लगेच किडनीच्या धमनीत घुसायचं नाही. आधी महाधमनीत, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवर, पिगटेल कॅथेटर ठेवून एक चित्र घ्यायचं. चारातल्या एकाच्या आसपास माणसांना एका किडनीला एकापेक्षा जास्त धमन्या असतात. रक्तस्राव त्या जादा धमनीतून असेल आणि तुम्ही मुख्य धमनीच पाहत बसलात, तर 'काही सापडलं नाही' म्हणून हात धुवाल.

नंतर कोब्रा कॅथेटरने किडनीची धमनी पकडायची, वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घ्यायची. दुभाजन एका कोनात एकमेकांवर चढलेलं दिसतं, वीस-तीस अंश फिरवलं की मान उलगडते. इथे घाई करू नका. मान कुठे सुरू होते हे नीट कळल्याशिवाय टाकलेली पहिली कॉइल सगळं बिघडवते. फुटलेल्या फुग्यात रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा पूर्ण डोस नको. नळ्या धुवायला हेपारिनचं सलाइन पुरतं.

पेशंट टेबलावरच कोसळत असेल तर धमनीच्या तोंडात बलून-कॅथेटर फुगवून प्रवाह तात्पुरता थांबवता येतो. ती उसनी मिळालेली मिनिटं असतात. किडनीला रक्ताविना साधारण अर्ध्या तासापर्यंत सोसतं, त्यापुढे नुकसान वाढत जातं. घड्याळ पाहायला एक माणूस नेमा.

आता मुख्य निर्णय. तो फुगा कुठे आहे यावर ठरतो, आणि त्यामागे एक साधं तत्त्व आहे. किडनीच्या धमन्या टोकाच्या धमन्या आहेत. झाडाच्या फांदीसारख्या, पुढे कुणाला न जोडलेल्या. प्लीहेच्या धमनीत फुग्याचं पुढचं (रक्त येतं ते) आणि मागचं (रक्त पलीकडे जातं ते) अशी दोन्ही दारं बंद करावी लागतात, नाहीतर मागच्या दाराने रक्त परत येतं. किडनीत पुढचं दार बंद केलं की पुरतं. पण किंमतही तीच : त्या फांदीवर पोसलेला किडनीचा तुकडा मरतो. म्हणून जितकं खोल, फुटलेल्या जागेच्या जितकं जवळ जाता येईल, तितकी किडनी वाचते.

आतल्या बारीक फांदीवर फुगा असेल, आणि मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे बहुतेक तिथेच असतात, तर मुख्य कॅथेटरमधून २.७ फ्रेंचच्या आसपासचं मायक्रोकॅथेटर न्यायचं आणि ती फांदी बंद करायची. खोट्या फुग्याच्या पिशवीत कॉइल भरू नका. तिला भिंतच नाही, कॉइल टोचून ती पुन्हा फाटेल. तिच्यापर्यंत नेणारी फांदीच बंद करा. फांदीच्या व्यासापेक्षा वीस-तीस टक्के मोठी कॉइल निवडा. लहान घेतली तर पुढे वाहून जाते, फार मोठी घेतली तर उलगडतच नाही, सरळ तारेसारखी पडून राहते.

हा क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. पडद्यावर मायक्रोकॅथेटरचं टोक प्रत्येक श्वासागणिक बोटभर वर-खाली सरकत असतं, कारण किडनीच श्वासाबरोबर हलते. प्लॅटिनमची तार पुढे ढकलली की टोकातून बाहेर येताना पहिला वेढा घेते, मग दुसरा, आणि धमनीच्या आत लोकरीच्या छोट्या गुंड्यासारखी बसते. डाय सोडतो. काळ्या धारेचा फवारा अजून येतोय, पण बारीक. दुसरी कॉइल. थांबतो. तिसरी. पुन्हा डाय, आणि काळी रेघ गुंड्यापाशी येऊन थांबते. आवाज काहीच नसतो. मॉनिटरकडे पाहणारी सिस्टर म्हणते, "सर, बीपी ९६."

रक्त गोठण्याची शक्तीच संपली असेल, आयएनआर खूप वाढला असेल, तर नुसत्या कॉइलवर विसंबू नका. कॉइल फक्त सांगाडा देते, गुठळी पेशंटच्या रक्तालाच करायची असते. अशा वेळी ग्लू, म्हणजे रक्ताला लागताच घट्ट होणारा वैद्यकीय डिंक, बरा. लिपिओडॉल हे तेलकट डाय मिसळून त्याचा घट्ट होण्याचा वेग जुळवावा लागतो, एकास एक ते एकास तीन असं मिश्रण करतात. आधी मायक्रोकॅथेटर ग्लुकोजच्या पाण्याने धुवा, सलाइनचा थेंब लागला तरी ग्लू आतच घट्ट होतो. ग्लू मागे उसळून निरोगी फांद्यांत जातो, म्हणून अनुभवी हातच हवा. ओनिक्स या दुसऱ्या द्रव पदार्थासाठी त्यातलं डीएमएसओ हे द्रावक सोसणारंच मायक्रोकॅथेटर लागतं, दुसरं विरघळू शकतं. जेलफोम, म्हणजे जिलेटिनचा स्पंज, एकट्याने इथे वापरू नये, तो काही आठवड्यांत विरघळतो आणि वाट पुन्हा उघडू शकते.

मुख्य देठावर फुगा असेल आणि दोन्ही बाजूंना सरळ धमनी मिळत असेल, तर कव्हर्ड स्टेंट उत्तम. आतून कापडाचं अस्तर लावलेली नळी बसते, फाटलेली जागा झाकली जाते, किडनीचा रक्तपुरवठा चालू राहतो. दोन्ही बाजूंना साधारण एक सेंटिमीटर निरोगी धमनी टेकायला हवी. नंतर स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल लागतं, आणि नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसाला ते कधी सुरू करायचं हा नाजूक प्रश्न. आम्ही रक्तस्राव थांबल्याची खात्री झाल्यावर, सर्जनशी बोलून सुरू करतो.

दुभाजनावरचा रुंद मानेचा फुगा हा सगळ्यात अवघड. शांत, न फुटलेल्या फुग्यात मानेवर साधा स्टेंट किंवा फुगवलेला बलून धरून पिशवीत कॉइल भरता येतात आणि दोन्ही फांद्या वाचवता येतात. हे सुंदर काम आहे आणि मला ते करायला आवडतं. पण फुटलेल्या फुग्यात, रक्तदाब ७० असताना, दीड तास सुंदर काम करत बसायचं नाही. दोनापैकी एक फांदी बंद करून, गरज पडली तर अख्खी धमनी बंद करूनसुद्धा, रक्तस्राव थांबवा. दुसरी किडनी चांगली असेल तर माणूस एका किडनीवर आयुष्यभर जगतो. किडनी वाचवण्याच्या नादात माणूस गमावलेला मी एकदा पाहिला आहे, शिकत असताना, आणि तेव्हापासून हात धुतानाच मनाशी ठरवून जातो की किती मिनिटांनी हट्ट सोडायचा.

शेवटचं चित्र घेण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा आणि बीपी शंभराच्या वर येऊ द्या. शॉकमध्ये धमन्या आकसलेल्या असतात, गळती दिसत नाही, आणि आयसीयूत बीपी वाढलं की पुन्हा सुरू होते. तरीही थांबत नसेल तर सर्जनने किडनी काढणं हाच मार्ग, आणि तो निर्णय लांबवू नये.

गरोदर बाई

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा फुगा फुटण्याचा धोका वाढतो आणि आई व बाळ दोघांच्याही मृत्यूचं प्रमाण फार मोठं आहे. कळ पोटात किंवा कुशीत, बीपी पडलेलं, म्हणून वार सुटली असं निदान होतं आणि सिझेरियन करताना लक्षात येतं की गर्भाशय ठीक आहे, रक्त त्याच्या मागे आहे. तिला डाव्या कुशीवर कलवून ठेवा, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ सोबत हवेत. बाळ पुरेसं वाढलं असेल तर आधी प्रसूती की आधी एम्बोलायझेशन, हे तिथल्या तिथे ठरवतात. किरणांच्या भीतीने उपचार अडवू नका. आई वाचली तरच बाळाला संधी आहे.

म्हणूनच, मूल हवं असलेल्या बाईच्या तपासणीत न फुटलेला फुगा सापडला तर 'लहान आहे, बघू' म्हणू नका. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना अशा बाईंमध्ये आकार कितीही असला तरी उपचार सुचवतात. इतरांत, त्रास नसेल तर, ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा फुगा ही मर्यादा आहे.

टेबलावरून उतरल्यावर

जांघेतली शीथ काढून पंधरा-वीस मिनिटं हाताने दाब, मग चार ते सहा तास पाय सरळ. नातेवाईकांनी पेशंटला उठवून बसवू नये, कितीही म्हणाला तरी. पहिले २४ तास आयसीयूत, दर सहा तासांनी हिमोग्लोबिन, पायाच्या नाड्या, लघवीचं प्रमाण.

पुढचे तीन-चार दिवस कुशीत दुखतं, ३८ अंशांच्या थोडा वर ताप येतो, मळमळतं. किडनीचा जो तुकडा बंद झाला त्याची ही प्रतिक्रिया आहे, जंतुसंसर्ग नव्हे. घाबरून भारी अँटिबायोटिक सुरू करण्याची गरज नाही. ताप आठवडाभर राहिला, थंडी वाजून यायला लागला, पांढऱ्या पेशी चढत गेल्या, तर मात्र साचलेल्या रक्तात पू झाला आहे का हे पाहावं लागतं. क्रिएटिनिन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं वाढतं आणि बहुतेकांत खाली येतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी ४८ तास बंद ठेवून, क्रिएटिनिन पाहून मगच सुरू करा.

रक्तदाबाकडे लक्ष ठेवा. किडनीभोवती साचलेलं रक्त तिला बाहेरून आवळतं, किडनीला वाटतं आपल्याला रक्तच मिळत नाही, आणि ती दाब वाढवणारी संप्रेरकं सोडते. आधी कधी बीपी नसलेल्या माणसाचं बीपी महिन्याभराने १६० निघालं तर ते 'टेन्शन' म्हणून सोडू नका. साचलेलं रक्त विरघळायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात.

पहिला तपासणीचा सीटी साधारण महिन्याने, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने. भरपूर कॉइल असतील तर सीटीत धातूच्या चमकेने चित्र झाकोळतं, तेव्हा एमआर अँजिओ बरी. प्लॅटिनमच्या कॉइल एमआरआयला चालतात. कारण फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया निघालं तर मान आणि मेंदूच्या धमन्याही एकदा तपासून घ्या.

आमचा खलाशी महिन्याने आला तेव्हा बायको सोबत होती, आणि नारळी पौर्णिमेनंतर होडीवर जाऊ का, एवढाच त्याचा प्रश्न होता. डाव्या किडनीचा खालचा तिसरा हिस्सा सीटीत काळा पडलेला होता, बाकीची किडनी नीट भरत होती, क्रिएटिनिन १.१. जड जाळं ओढायचं नाही आणखी दोन महिने, असं सांगितलं. बर्फाच्या पेट्या उचलायच्या नाहीत. कॉइलची जात, संख्या आणि जागा लिहिलेलं कार्ड त्याला दिलं, एक प्रत बायकोकडे. होडीचे कागद ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो त्यातच ते ठेवायचं आणि कुठल्याही दवाखान्यात गेला तर आधी ते दाखवायचं, असं तिनेच ठरवलं.